मावशीचं फळकुट

डूख धरावा तर माझ्या मावशीने. ती बर्फाच्या कारखान्यात लाद्या कोरायची. कामाला लागली त्याच आठवड्यात तिने मुकादमाला सांगितलं, "दादा, लांब लादी नुसती दोन टोकांवर टेकवू नका. बर्फ वितळला नाही तरी स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकतो."

"दगडासारखा बर्फ म्हणे वाकतो! बाई, तू कोर. अक्कल आमच्याकडे आहे," मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला. सगळे खो खो हसले.

पुढची अकरा वर्षं मावशीने ब्र काढला नाही. ती कोरायची आणि तो मिरवायचा. पण आपलं काम बिघडू नये म्हणून ती प्रत्येक लांब लादीखाली मधोमध एक लाकडी फळकुट गुपचूप सरकवायची. त्यामुळे मुकादमाची अक्कल शाबूत राहिली.

मग मालकांच्या समारंभासाठी तिने आठ फुटी, चार बोटं जाडीचा बर्फाचा पूल कोरला. मुकादमाने तो शीतगृहात दोन टोकांवर टेकवला. त्या संध्याकाळी मावशी फळकुट पिशवीत घालून घरी आली आणि पोटभर जेवली.

आठवड्याने मालक पाहुण्यांना घेऊन आले. पुलाला एकही तडा नव्हता, पण तो मधोमध वीतभर खाली झोळीसारखा लोंबत होता. मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, आधी सांगायचं नाही का?" तो मावशीवर ओरडला.

"मी कशाला सांगू दादा? मी नुसती कोरते. अक्कल तुमच्याकडे आहे."