ताप उतरल्याच्या दिवशी

गजानन पिशवी भरून काउंटरसमोर उभा होता आणि मी त्याला रिपोर्ट देत नव्हतो.

“साहेब, ताप उतरला. लेकरू घरी रडून राहिलंय. आता काहून अडवून ठेवता?”

“पाच मिनिटं बस.”

वसमतच्या एका लहान दवाखान्याची लॅब मी एकोणीस वर्षं सांभाळतोय. गजानन कुरुंद्याचा. त्याची बायको सुनीता डेंग्यूने अॅडमिट होती. पाचव्या दिवशी सकाळी ताप गेला, तिने अर्धी भाकरी खाल्ली, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. प्लेटलेट फार घसरल्या नव्हत्या. मला खटकला दुसरा आकडा, हिमॅटोक्रिट. म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के. काल अडतीस, आज सेहेचाळीस. मशीनची चूक असेल म्हणून टेस्ट पुन्हा लावली. सेहेचाळीसच.

विषाणूला स्वतःहून वाढता येत नाही, त्याला पेशी लागते. डेंग्यूचा विषाणू तर जी पांढरी पेशी त्याला गिळायला येते, तिच्यातच शिरतो आणि स्वतःच्या नकला काढतो. मग शरीर जोर लावून लढतं. ताप त्या लढण्याचाच. चार-पाच दिवसांत विषाणू हटतो, ताप उतरतो. पण या झटापटीत काहींच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होऊन हा आकडा चढतो, बीपी पडतं. आणि हे होतं नेमकं ताप उतरताना.

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. “सर, हिमॅटोक्रिट बघा.”

“कांबळे, ती आत्ता चालत बाथरूमला गेली.”

“गेली असेल. पण रक्त काढताना हात गार लागला मला.”

डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. पण माणूस अडून बसणारा नाही. उठले, वॉर्डात जाऊन नाडी बघितली, पोट दाबलं. सुनीता कळवळली; पोटातलं दुखणं हेही पाझरण्याचंच लक्षण. डॉक्टरांनी डिस्चार्जचा कागद फाडला आणि सिस्टरला सलाईन लावायला सांगितलं.

गजानन माझ्याकडे वळला. “ताप न्हाई तर सलाईन कशाला?”

“रोग हटलाय, पण रक्तातलं पाणी गळून राहिलंय. ते भरायचंय. घरी नेलं आणि बीपी पडलं, तर इथवर आणायला वेळ मिळायचा नाही.”

त्याने पिशवी कॉटखाली सरकवली. “बराबर हाय. आईला फोन करतो.”

दुपारी तिला दरदरून घाम फुटला, बीपी खाली आलं. पण सलाईन आधीच चालू होतं. डॉक्टरांनी वेग वाढवला. मी दर चार तासांनी रक्त तपासत होतो. दुसऱ्या दिवशी आकडा एकोणचाळीसवर आला. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली.

लोक फक्त प्लेटलेट विचारतात. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस पेशंट नजरेसमोर ठेवावा. आणि लॅबवाल्याला आकडा खटकला, तर त्याने उठून डॉक्टरकडे जावं. आमच्याकडे ते अंतर बारा पावलांचं आहे.