तिसरी वायर

एके काळी मार्च लागला की दिग्रसच्या आर्णी रोडवर धम्मरत्नच्या दुकानापुढून सायकल काढणंही मुश्कील व्हायचं. कूलरचे लोखंडी सांगाडे पार रस्त्यापर्यंत मांडलेले, रंग दिलेले पत्रे उन्हात वाळत टाकलेले, आणि ओट्यावर त्याची बायको साधना मांडीवर जाळी घेऊन कूलरच्या बाजूच्या ताट्यांमध्ये गवत भरत बसलेली. गिऱ्हाईक घाई करायचं आणि धम्मरत्न मान वर न करता म्हणायचा, "रंग वाळू द्या ना भाऊ. ओला नेसान तर दोन वर्षांत सडंल."

यंदा मार्च निम्मा सरला तरी दुकानापुढं मोकळं अंगणच होतं. मागच्या उन्हाळ्यातले न विकलेले कूलर आत एकावर एक रचून ठेवलेले. त्यांच्यावरची धूळ साधना रोज फडक्यानं पुसायची आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसायची.

धम्मरत्न हे काम शिकला तो यवतमाळला, लोहारा भागात. तिथं कपाटं आणि धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो ऐन तारुण्यात लागला. पत्रा कापणं, कड दुमडणं, ठोकून सरळ करणं तिथंच हाताला बसलं. कारखाना बंद पडला तेव्हा तो गावी परतला आणि त्यानं कूलर बनवायला घेतले. कपाटाचाच हिशेब त्यानं कूलरला लावला. पत्रा जाड. प्रत्येक कड आत दुमडलेली, म्हणजे ताटी काढताना कुणाचं बोट कापू नये. खालची टाकी एका पत्र्यात वाकवलेली, म्हणजे सांधा नको आणि गळती नको. आणि वायर नेहमी तीन तारांची. दोन तारांवरही कूलर फिरतो आणि बाजारात पुष्कळ जण दोनच टाकत. पण लोखंड आणि पाणी एका जागी आलं की तिसरी, अर्थिंगची तार पाहिजेच, हे त्याला लोहाऱ्याच्या बुढ्या मिस्त्रीनं सांगितलं होतं आणि त्यानं ते कधी मोडलं नाही.

त्यामुळं त्याचा कूलर इतरांपेक्षा महाग पडायचा. तरी लोक न्यायचे. पोरीच्या लग्नात आंदण म्हणून न्यायचे, पुसद-दारव्ह्यापर्यंत बसच्या टपावर टाकून न्यायचे.

मग समोरच बबनरावांचं शोरूम झालं. कंपनीचे पांढरे प्लास्टिकचे कूलर, खाली चाकं, आणि हप्त्यानं मिळणार. त्यात दोन वर्षं कापसाला भाव नव्हता, सोयाबीन पावसानं खाल्लं, बाजारात सगळ्यांचेच हात आखडलेले. एकदम पैसे मोजून लोखंडी कूलर नेण्यापेक्षा हप्ता भरणं लोकांना सोपं वाटू लागलं. धम्मरत्नला त्यांचा राग येत नव्हता. राग यायलाही अंगात काही लागतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी साधना नळावरून रिकामी घागर घेऊनच परत आली.

"अवो, मागच्या वस्तीत वर्षा गेली म्हन्ते. देशमुखाच्या शेजारची, लहान पोरगी हाये तिले. कूलरमंदी पानी टाकून राह्यली होती. करंट लागला."

"कोनाचा कूलर?" धम्मरत्ननं विचारलं.

विचारल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. बाई मेली होती आणि त्याच्या तोंडून आधी हे निघालं होतं. साधनालाही तेच विचारायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या वस्तीत त्याचे पुष्कळ कूलर गेले होते.

तो पायीच निघाला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. वस्तीत पोचला तेव्हा अंगणात माणसं जमलेली, बायांचा आवाज आतून येत होता. कूलर कुणीतरी ओढून बाहेर आणला होता आणि तो नालीपाशी आडवा पडला होता. जवळ जायला कुणी तयार नव्हतं. धम्मरत्ननं लांबूनच पाहिलं. कड कापलेली होती तशीच सोडलेली, दुमडलेली नव्हती. पत्रा पातळ, टाकीला मधोमध सांधा. वायर दोन तारांची. माल बाजाराच्या कोपऱ्यावरच्या देवरावचा होता. देवराव पत्रा कमी आणि भाव कमी, असंच करत आला होता.

आपला नाही. छातीवरचं ओझं उतरलं आणि पाठोपाठ त्याला स्वतःची शरम वाटली. आत एक तान्ही पोर रडत होती. तो तिथं बराच वेळ भिंतीशी उभा राहिला, मौतीला गेला, आणि घरी येऊन न जेवता पडला.

त्या दिवसानंतर दिग्रसमध्ये लोखंडी कूलरचं नाव निघेना. देवरावचा कोणता आणि धम्मरत्नचा कोणता, हे कोण पाहत बसणार? लोकांनी चालू कूलर बंद करून कोपऱ्यात लावले. काहींनी भंगारवाल्याला दिले. देवरावनं दुकानाला कुलूप लावलं आणि मुलीच्या गावी निघून गेला.

बबनराव एका सकाळी स्वतः रस्ता ओलांडून आले. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसले, उगाच पंख्याकडं पाहिलं.

"धम्मा, तुया कामात खोट नाई, मले मालूम हाये. पन लोकायले कोन समजावनार? माह्याकडं फिटिंगले मानूस पायजे. तू ये."

"पायतो," धम्मरत्न म्हणाला.

"पाय. पन लवकर पाय. सीजन चालला."

साधनाला वाटलं, तो दुसऱ्या दिवसापासून जाईल. मुलगी मैत्रेयी यवतमाळला दवाखान्यात नर्स होती, तीही फोनवर म्हणाली, "बाबा, घ्या ते काम. पाठ दुखते तुमची. किती दिवस पत्रा ठोकसान?" पण दुसऱ्या दिवशी धम्मरत्ननं थैलीत टेस्टर, पक्कड, तीन पिनांचे प्लग आणि वायरचं बंडल भरलं.

"कुठी चालले?" साधनानं विचारलं.

"आपले कूलर पाहून येतो. ज्याच्या ज्याच्याकडं असंल त्याच्याकडं."

"कोनी बोलावलं?"

"कोनी नाई."

"आन् पैसे?"

"पैसे कायचे?"

साधना ओट्यावर बसली. "आपन तर तीनच तारा टाकत होतो ना जी. मंग कायले?"

"आपन टाकल्या. घरी नेल्यावर लोकायनं काय केलं, ते आपन पाह्यलं काय?"

कुणाच्या घरी कोणता कूलर गेला, हे त्याला लिहून ठेवायची गरज कधी पडली नव्हती. खिडकीचं माप आठवलं की घर आठवायचं. शेला डोक्याला बांधून तो सकाळी निघायचा आणि ऊन उतरल्यावर यायचा. पहिल्या काही घरांतच त्याला कळलं की भीती खोटी नव्हती. घरच्या बोर्डात तीन छिद्रं नव्हती म्हणून कुणी प्लगची जाड पिन पकडीनं तोडून टाकली होती. कुणी वायर वाढवताना दोनच तारा जोडल्या होत्या आणि तिसरी कापून मागं वळवली होती. कूलर फिरत होता, हवा गार येत होती, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं.

सगळेच त्याला घरात घेत होते असं नाही. एकानं दारातूनच सांगितलं, "धंदा बसला म्हनून फिरून राह्यला काय?" एका म्हाताऱ्यानं कूलर घेऊनच जा म्हटलं. कुणी मुकाट्यानं सगळं दुरुस्त करून घेतलं आणि पाणीही विचारलं नाही. कुणी चहा पाजला. संध्याकाळी घरी आला की तो ओट्यावर पाय लांब करून बसायचा आणि साधना विचारायची, "आज कोनी नवा घेतो म्हने काय?" तो नाही म्हणून मान हलवायचा. मग तिनं विचारणंच सोडलं.

गावातलं उरकल्यावर तो तांड्यावर गेला. तिथं गुलाबसिंग आणि सोनीबाईचं घर होतं. त्यांची पोरगी उज्ज्वला शाळेत होती तेव्हाचा कूलर खिडकीत अजून होता. रंग फिका झालेला, पण टाकी बाहेरून कोरडी, एक थेंब गळत नव्हता. वायरचं टोक मात्र उघडं होतं. प्लग काढून दोन तारा सरळ बोर्डात खोचलेल्या.

"हे कोनं केलं?" धम्मरत्ननं विचारलं.

गुलाबसिंग खाटेवर बसला होता. "म्याच केलं. प्लग जाईना त्याच्यात."

"म्या दहादा म्हनलं, मिस्त्रीले बोलवा," सोनीबाई म्हणाली. "ऐकते कोन?"

धम्मरत्ननं तपासलं तर बोर्डातल्या तिसऱ्या छिद्राला पाठीमागं काही जोडलेलंच नव्हतं. नुसता प्लग बसवून उपयोग नव्हता. त्यानं कुदळ मागितली आणि न्हाणीजवळ, जिथं जमीन ओली राहते, तिथं अर्थिंगसाठी खड्डा खणायला घेतला. वर मुरूम, खाली दगड. कमरेत कळ येऊन तो दोनदा थांबला. दुसऱ्या वेळेस गुलाबसिंग खाटेवरून उठला आणि कुदळ त्याच्या हातून घेतली. खड्ड्यात लोखंडी पाइप उभा करून कोळसा आणि मीठ टाकलं, पाणी ओतलं, वायर आत नेली. मग धम्मरत्ननं दिव्याच्या वायरीचं एक टोक बोर्डाला आणि दुसरं त्या वायरला लावून पाहिलं. दिवा भक्कन पेटला, म्हणजे अर्थिंग लागलं होतं.

"आता हात लावा," तो सोनीबाईला म्हणाला. ती पुढं झाली नाही. तेव्हा त्यानं कूलर चालू करून आधी स्वतःचा तळवा पत्र्यावर ठेवला. मग तिनं ठेवला.

भाकरी खाऊन जा म्हणून तिनं बसवलं. वाढता वाढता म्हणाली, "उज्ज्वलाचं लगन हाये पुढच्या महिन्यात. आंदनात कूलर द्याचा. हे म्हन्तेत कंपनीचा घेऊ, हप्त्यानं."

"तोही चांगला असते," धम्मरत्न म्हणाला. त्याला खरोखर भांडायचं नव्हतं.

"आसंल. पन बिघडला तं तो कंपनीवाला माह्या पोरीच्या घरी खड्डा खंदाले येईन काय?"

गुलाबसिंग ताटाकडं पाहत म्हणाला, "तुमाले तिच्या सासरी येऊन हे असंच करून द्या लागंल. तं घेतो."

"येतो," धम्मरत्न म्हणाला.

त्या उन्हाळ्यात लोखंडी कूलर विकले गेले ते थोडेच, आणि जवळजवळ सगळे अशाच घरांत, जिथं तो बिनबोलावता गेला होता. तेवढ्यावर घर चालण्यासारखं नव्हतं. मे महिन्यात त्यानं बबनरावांकडं सकाळचं फिटिंगचं काम धरलं. कंपनीचा कूलर बसवायला गेला की तो आधी बोर्डाची तिसरी तार पाहायचा. उशीर होतो म्हणून बबनराव कुरकुरत, पण त्यांनी थांबवलं नाही. दुपारनंतर तो आपलं दुकान उघडायचा.

लग्न आटोपल्यावर तो बसनं पुसदच्या बाजूला, उज्ज्वलाच्या सासरी गेला. तिचा सासरा धरमसिंग दारात उभा राहून त्याचं काम पाहत होता. लोखंडी कूलर आला म्हणून तो आधीच थोडा नाराज होता. धम्मरत्ननं खड्डा खणला, पाइप बसवला, दिवा लावून दाखवला. धरमसिंगनं कूलरभोवती एक फेरी मारली, ताटी काढली, आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

"कापत नाई," तो म्हणाला.

"नाई कापनार."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "गव्हाची कोठी करता काय हो तुमी? उंदरायनं पोते ठेवले नाईत. बाजारातली आनली तं झाकनच बसत नाई."

लोहारा सुटल्यापासून धम्मरत्ननं कोठी केली नव्हती. "करतो," तो म्हणाला.

बस गच्च भरलेली होती. दिग्रसपर्यंत त्याला उभंच यावं लागलं. घरी आल्यावर त्यानं साधनाला कोठीचं सांगितलं. ती लगेच ओट्यावरून उठून आत गेली आणि शिल्लक पत्रा पाहून आली.

"कूलरचा पत्रा चालंल काय जी? का जाड लागंल? आन् त्याईच्या दाराचं माप घेतलं काय? नाई तं आत जाची नाई कोठी."

माप घ्यायचं राहिलं होतं. "उद्या फोन करून विचारतो," तो म्हणाला, आणि ओट्यावरच आडवा झाला. साधना तिथंच बसून पत्र्याचा हिशेब करत राहिली.