इंजिन बंद झाल्यावरही चालू राहणारी वायर

मंडळी, माढ्याहून आत्ताच माझ्या वायरिंगच्या दुकानात परतलोय. कामात लक्ष लागत नाहीये.

उजनी धरणात मासेमारी करणाऱ्या आप्पांच्या होडीवर आज जीपीएसची स्क्रीन आणि अँटेना बसवला. वायर थेट बॅटरीवरून घ्यायला लागलो, तर आप्पा म्हणाले, "किल्लीवरनं घ्या की. इंजिन बंद, तर सगळं बंद. उगं बॅटरी उतरंल."

मी चिडलोच. "मधेच इंजिन बंद पडलं तर? तेव्हाच तर हे लागणार!"

 मग आप्पा म्हणाले, "थोरल्या भावाचं तसंच झालं. फोन लागला हुता. कुटं हाईस विचारलं, तर म्हणला, चारी बाजूला पाणीच हाय. तेच शेवटचं बोलणं."

मी फ्यूज घालून वायर बॅटरीलाच जोडली. आप्पांनी किल्ली बंद केली. स्क्रीन चालूच होती. त्यांनी त्यावरचे होडीच्या जागेचे आकडे मोठ्याने वाचले.

तुमच्या घरचं कुणी पाण्यावर जातं? मग आजच इंजिन बंद करून बघा, स्क्रीन चालू राहते का?