वाऱ्याच्या वाटणीची सिगारेट

भाट्याच्या खाडीवर वारा सुटला की माणसं टोपी सांभाळतात. आमचे शेजारी चाचा सिगारेट सांभाळत. उमेदीची सारी वर्षं आखातातल्या बोटींवर, इंजिनाच्या खोलीत गेलेली. पेटतं टोक तळहाताच्या आत घ्यायचं, मूठ वळायची आणि वाऱ्याला पाठ द्यायची, ही सवय त्यांनी तिथल्या उघड्या डेकवरून आणली होती. मी वाऱ्याकडे तोंड करून ओढू लागलो की ते कळवळत, "अरे, निम्मी वाऱ्यानंच ओढली रे! तुला काय, राख?"

घाई त्यांना खपायचीच नाही. "हपापल्यासारखा ओढू नको. टोक तापतं, धूर कडू होतो." एकदा एका लग्नात चक्क पंखा बंद करून त्यांनी सिगारेट पेटवली. वऱ्हाड घामाघूम झालं, चाचा मात्र तृप्त होते. ती ऐट पाहायला मला मनापासून आवडायची.

पावसाळ्यात सिगारेट सादळते, मग एका अंगानं जळते आणि मध्येच विझते. म्हणून चाचा पाकीट तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. एका ईदेला पुलावालाच तंबाखूचा वास आला. चाची कडाडल्या, "आता तांदूळ पण ओढा!" चाचांनी खाली मान घालून दोनदा पुलाव वाढून घेतला.

मग चाचींना धाप लागायला लागली. जिना चढवेना. मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरात कोण ओढतं?" आणि समजावलं, की झुरका घेत नसतानाही सिगारेट जळतच असते, तो धूर घरातली माणसं पितात. येताना रिक्षात चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन झुरक्यांच्या मधी मी मजेत बसायचो. तेवढा वेळ हिला पाजत होतो रे."

त्या दिवसापासून त्यांनी सिगारेटला हात लावला नाही. हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा, बडीशेप चघळून तोंड आलं, पण तक्रार नाही. मी दर महिन्याला सोडतो आणि आठवड्यात पुन्हा धरतो, म्हणून मला त्याची किंमत ठाऊक आहे. चाचींची धाप हळूहळू कमी झाली.

चाचांची छाती मात्र आधीच पोखरली होती. यंदा ते गेले. भेटायला आलेलं कुणीतरी हळहळलं, "थोडी आधी सोडली असती तर..."

चाची म्हणाल्या, "डॉक्टर त्यांना कितीदा बोलले, तुम्ही मराल. तेव्हा हसले. माझं नाव निघालं, त्याच दिवशी सोडली."