कूलरचे पेशंट

आमच्या खानदेशात गुडघे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुखायला लागतात आणि मृग लागला की आपोआप बरे होतात. डॉक्टरांना यामागचं कारण सापडायचं नाही, कारण डॉक्टर पेशंटला मंगल कार्यालयात तपासत नाहीत. आखाजीनंतर लग्नांचा जोर असतो आणि दुपारी जळगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा दिवसांत कार्यालयातला सगळ्यात मोठा कूलर एकाच ठिकाणी लावलेला असतो: ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी मांडलेल्या टेबल-खुर्च्यांच्या मागे. बाकीच्यांनी सतरंजीच्या पट्टीवर मांडी घालायची आणि घाम पुसत वरण-बट्टी खायची. खुर्चीवाल्यांना वारा, खुर्चीवाल्यांना गरम बट्टी आधी, आणि तुपाची धारही अंमळ लांब, कारण म्हाताऱ्या-दुखऱ्या माणसाला वाढताना कुणाचा हात आखडत नाही.

मग गुडघे दुखणार नाहीत तर काय होईल? आमच्या नात्यातले एक गृहस्थ पायजम्याच्या वरून नी-कॅप चढवून येतात, म्हणजे वाढप्याला लांबून दिसावी. एका काकूंना फक्त पंगतीच्या वेळी चक्कर येते. माझ्या एका चुलत भावाला, वय तिशीच्या आत, कमरेत स्लिप डिस्क आहे. हाच बाबा तासाभरापूर्वी डीजेपुढे जमिनीवर लोळून नाचत होता आणि त्याला आवरायला नवरदेवाला घोड्यावरून ओरडावं लागलं होतं.

मी शाळेत शिकवते. पोटात दुखतंय म्हणून घरी जायला मागणारी मुलं मला दारातूनच कळतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. पण मोठ्या माणसांचं हे सोंग पाहिलं की माझं डोकं तडकतं.

या पेशंटांचा मुकादम म्हणजे माझा मामा. आईचा धाकटा भाऊ, अमळनेरकडे शेती करतो. शेतात कपाशीला पाणी भरताना हा माणूस तासन् तास उकिडवा बसलेला मी पाहिलाय. पण कार्यालयाच्या दारात चपला काढल्या की तो लंगडायला लागायचा. खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर दोन जणांचे खांदे त्याला लागायचे. बसल्यावर डोळे मिटून, ओठ दाबून तो गुडघा चोळायचा, आणि तुपाचं भांडं जवळ आलं की एक डोळा उघडायचा. मी वाढायला गेले की म्हणायचा, "भाची, हात मोकळा सोड. मना गुडघा वंगण मागस."

या मंडळींना 'कूलरचे पेशंट' हे नाव दिलं माझ्या वडिलांनी. आबांचा स्वभाव हसरा आणि जीभ तिखट. प्रत्येक लग्नात ते पहिली पंगत उठली की हातात बडीशेपेची वाटी घेऊन खुर्च्यांच्या रांगेतून फिरायचे आणि एकेकाला विचारायचे, "काय, आराम पडला का? डोस पुरला का?" मामाजवळ जरा जास्त वेळ थांबायचे. मेहुण्याने शालकाची फिरकी घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? मामाही कच्चा नव्हता. "दाजी, दुखणं कोणाले सांगून येस का?" म्हणून तो दुप्पट बडीशेप उचलायचा.

मग आबांवर खरंच दुखणं आलं. जळगावहून माझ्या घरून परत जाताना नशिराबादच्या अलीकडेच एका ट्रॉलीने त्यांच्या मोटारसायकलला धडक दिली. जीव वाचला. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला आणि डॉक्टरांनी आत पट्ट्या घालून पाय उभा केला. पाय चालेल, पण वाकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आबा हळूहळू काठी घेऊन चालायला लागले. सपाटीवर तर इतके व्यवस्थित चालायचे, की नवख्याला वाटावं, वय झालंय म्हणून काठी आहे.

खाली बसणं ही मात्र वेगळी गोष्ट होती. बसता यायचं, पाय बाजूला लांब करून. उठता यायचं नाही. आधी कुशीवर व्हायचं, मग दोन्ही हात टेकायचे, मग कुणाच्या तरी खांद्याचा किंवा खांबाचा आधार घेऊन अंग वर ओढायचं. घरात ते पलंगाचा पाय धरून उठायचे आणि आम्ही तेवढा वेळ दुसरीकडे बघायचो.

म्हणजे आता खुर्ची त्यांच्या हक्काची होती. आणि हा माणूस खुर्चीवर बसायला तयार नव्हता. लग्नाला जायचे, अक्षता टाकायचे आणि उपवास आहे असं सांगून उपाशी परत यायचे. एवढे उपवास तर माझ्या आईनेही कधी धरले नव्हते. मी भांडले. म्हटलं, "आबा, ते सगळे खोटे आहेत, तुम्ही खरे आहात, मग लाज तुम्हाला का?" ते म्हणाले, "पोरी, खुर्चीवर बसलेला खरा कोण आणि खोटा कोण, हे कूलरला कळत नाही. आणि बडीशेपेची वाटी घेऊन मीच फिरलोय ना." मला त्या नी-कॅपवाल्याचा, काकूंचा, आणि सगळ्यात जास्त मामाचा संताप आला. खऱ्या माणसाची खुर्ची यांनी थट्टेची करून टाकली होती.

तशात माझ्या भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, धुळ्याला. साखरपुड्याला व्याही आणि आबा सोफ्यावर शेजारी बसले. व्याही जुन्या वळणाचे, मोकळे, बोलघेवडे. बोलता बोलता म्हणाले, "आजकाल आमच्याकडे तरणीताठी पोरंही जेवायला खुर्ची मागतात." झालं, आबांची जीभ वळवळली. त्यांनी कूलरच्या पेशंटांची अख्खी कहाणी रंगवून सांगितली. व्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आबांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग आपली व्याह्यांची पंगत खालीच. तुम्ही आणि मी, शेजारी शेजारी." ती थाप नेमकी पट्ट्या घातलेल्या गुडघ्याच्या वर पडली. आबा हसत राहिले.

परतताना गाडीत मी म्हटलं, आत्ताच खरं सांगून टाकू. आबांनी साफ नाही म्हटलं. मुलगी देताना पहिल्याच दिवशी सवलत मागायची नाही, आणि कुणी एक शब्दही बोलायचा नाही. "मी खाले बठसू," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आमच्याकडे पंगतीतून एकट्याने उठत नाहीत. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत थांबायचं आणि मग सगळ्यांनी एकदम उठायचं. सगळे उभे राहिल्यावर एकटे आबा खाली राहणार, दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचलायचं, आणि समोर नव्या नात्यातली सगळी माणसं बघत असणार. माझ्या वडिलांना एवढी एकच भीती होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी माहेरी गेले, तर पलंगाऐवजी ते ओसरीवरच्या खांबाशी उठण्याचा सराव करताना दिसले.

खांबावरून मला युक्ती सुचली. धुळ्याच्या कार्यालयात जेवणाच्या हॉलमध्ये खांब होते. मी सकाळीच जाऊन टोकाच्या खांबाजवळची जागा हेरली, तिथे आबांसाठी पाट मांडला आणि पाटावर माझी पिशवी ठेवली. खांब धरायचा आणि उठायचं. कुणाला ताकास तूर लागणार नव्हती.

दुपारी वऱ्हाडाची जेवणं झाली. मामा अर्थातच कूलरखाली होता आणि दाबून जेवला. त्याच्या पानात तूप वाढताना मी जाणूनबुजून धार तोडली आणि त्याने दुखावलेल्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग ताटं उचलली गेली, जमीन पुसली, रांगोळ्या पडल्या आणि व्याह्यांची पंगत मांडली. आबांना घेऊन मी खांबाकडे निघाले, तेवढ्यात व्याही हात पसरून आले. "अहो, कोपऱ्यात कसले बसता? मानाची जागा मधोमध." आणि आबांचा हात धरून त्यांनी त्यांना ओळीच्या अगदी मध्यावर नेऊन बसवलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण त्या दिवशी मला पुरती कळली.

आबा बसले. पाय लांब केला, वर उपरणं टाकलं. एकदा त्यांनी लांबच्या खांबाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी तुपाचं भांडं घेऊन उभी होते.

इतक्यात कूलरखालून मामा उठला. सुपारी चघळत बसला होता, ती त्याने तोंडातून काढून खिशात टाकली. ताडताड चालत आला, लंगडायचंही विसरला, आणि आबांच्या उजव्या बाजूला बसलेल्या पोरसवद्या पाहुण्याला म्हणाला, "सरक रे भाऊ, हे मन्ह्या दाजींची पंगत शे." बसला मांडी घालून. मला वाटलं, हा आता परत जेवणार. तूप कमी पडलं म्हणून वसुलीला आला. शंभर माणसांत त्याला चार शब्द सुनवायचे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

आणि तो खरंच परत जेवला. व्याह्यांचा आग्रह म्हणजे साधासुधा नव्हता. बट्टीवर बट्टी येत होती. मामा चुरत होता, वरण कालवत होता, आणि प्रत्येक घासागणिक त्याचा चेहरा जास्त जास्त जांभळा पडत होता. वाढायला वाकले तेव्हा तो पुटपुटला, "भाची, तूप नको वाढू. माय शपथ, जागा नही शे." मामाने तुपाला नाही म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तरी तो उठेना. तेव्हा मला शंका आली.

शेवटचं पान संपलं. व्याह्यांनी हात जोडले आणि सगळी पंगत उठायला लागली. आणि मामाने बोंब ठोकली.

"ये माय वं! मना गुडघा आखडना!"

हॉलमधली सगळी डोकी एकदम त्याच्याकडे वळली. मामा दोन्ही हातांनी गुडघा आवळून विव्हळत होता. व्याही धावले, त्यांचे भाऊ धावले, नवरदेवाचे मित्र धावले. कुणी म्हणालं पाय ओढा, कुणी म्हणालं ओढू नका. कुणी बाम आणायला पळालं. मामा सगळ्यांना सूचना देत होता आणि कुणाचीच सूचना ऐकत नव्हता. चौघांनी उचलायला हात घातला की अंग सैल सोडून जागचा हलत नव्हता. डावा खांदा मात्र त्याने एकदाही हलू दिला नाही.

कारण त्या खांद्यावर आबांचा हात होता. बघणाऱ्याला वाटावं, मेहुणा शालकाला धीर देतोय. आबा कुशीवर झाले, हात टेकला, दुसऱ्या हाताने तो खांदा दाबला, आणि वर आले. माझ्याशिवाय कुणीही पाहिलं नाही. उभे राहून त्यांनी उपरणं झटकलं, काठी घेतली, आणि वरून मामाकडे हात पुढे केला.

"ऊठ भो," ते म्हणाले. "आते पुरं कर."

मामा त्या एका हाताने पटकन उठला. व्याह्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि आबांना म्हणाले, "तुमचं काटक शरीर, तुमचं ठीक आहे. पण यांना तरी खुर्ची द्यायला हवी होती हो." आबा म्हणाले, "चूक आमची. त्याचं दुखणं आम्ही कधी मनावरच घेतलं नाही." मी तुपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथे पोटभर रडले, मग हसले. आचाऱ्याला वाटलं, भाचीची पाठवणी जवळ आली म्हणून.

मामाला त्या दिवशी पोटाचं औषध घ्यावं लागलं. ते दुखणं खरं होतं.

त्यानंतरचं नात्यातलं लग्न बोदवडला होतं. कूलर होता, खुर्च्या होत्या, नी-कॅपवाले गृहस्थ येऊन बसले होते. मामा दारातून लंगडत आला, तर आबांनी पुढे होऊन त्याचा दंड धरला आणि त्याला खुर्चीपर्यंत पोचवलं. मग शेजारची खुर्ची ओढून स्वतः तिच्यावर बसले, पाय लांब केला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याले एकला सोडता येत नही. याना गुडघा कसा शे, बठ्ठास्ले माहीत शे."

सगळ्यांनाच ते माहीत होतं, कुणी हसलं नाही. तेव्हापासून शालकाच्या गुडघ्याची देखरेख करायला म्हणून आबा प्रत्येक लग्नात त्याच्या शेजारी खुर्चीवर जेवतात, आणि त्यांचे उपवास सुटले आहेत.

बोदवडला मी तूप घेऊन त्या टेबलाशी गेले, तर मामाने सवयीने डोळे मिटून गुडघा चोळायला घेतला. मी त्याला आबांच्या आधी वाढलं, आणि त्याने पुरे म्हणेपर्यंत हात थांबवला नाही.