ओ देणारे

संग्रहालयाच्या तळघरात मांडणीचं काम करणाऱ्या सुताराला सगळे मौनीबाबा म्हणत. आता हा काही व्रतस्थ माणूस नव्हता. चहाची किटली दिसली की सर्वांच्या आधी हजर. फक्त हाक मारली की ओ द्यायचा नाही. लोक म्हणत, कामात बुडालाय. खरं म्हणजे त्याला ऐकूच येत नव्हतं, आणि हे त्याने साऱ्या जगापासून लपवलं होतं, अगदी बायकोपासूनसुद्धा.

लपवण्यात गडी तरबेज. समोरच्याचे ओठ बघायचे आणि मान डोलवायची. पंचाईत व्हायची ती दारावरच्या रखवालदारापाशी. त्याच्या मिशा ओठांवर छपरासारख्या उतरलेल्या. त्यामुळे त्याच्या प्रत्येक बोलण्याला हा "हो, हो" म्हणायचा, आणि त्या होकारापायी एकदा मांजरीचं पिल्लू पदरात पडलं होतं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर त्याचे वडील असेच बहिरे झाले होते. आधी घरातले त्यांच्याशी ओरडून बोलत, मग तोडून बोलत, आणि शेवटी त्यांना कोणी काही सांगेनासंच झालं. ते खुर्चीत बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहायचे. ते बघणं मुलाच्या मनातून जात नव्हतं.

पण झाकली मूठ घरीच महाग पडली. बायको स्वयंपाकघरातून "अहो" म्हणायची. पुन्हा "अहो, ऐकलं का?" इकडे हूं नाही की चूं नाही. आधी ती रुसली, मग भांडली, मग तिने अबोला धरला. आणि एके सकाळी समोर उभी राहून म्हणाली, "रविवारी लेकीकडे जातेय. राहायलाच. भिंतींशीच बोलायचं तर तिथल्या भिंती काय वाईट? नातवंडं तरी ओ देतात."

यातला शब्द न् शब्द त्याला कळला.  दाराशी तिची बॅग भरून ठेवली गेली, तरी हा तिला वळसा घालून कामावर जात राहिला.

त्याच आठवड्यात इजिप्तच्या दालनात नवं कपाट लागलं. त्यात वीतभर उंचीच्या निळ्या-हिरव्या बाहुल्या उभ्या करायच्या होत्या. हात छातीवर, हातात इवलीशी कुदळ. प्रत्येकीची पाठ वेगळी, म्हणून प्रत्येकीची बैठक वेगळी. हा खाचेला नमद्याची मऊ लोकरी पट्टी लावी, बाहुली टेकवी आणि नखाने हळूच टिचकी मारी. पूर्वी मांडलेली वस्तू हलतेय का हे कानाने कळायचं, आता बोटाला कळत होतं.

"या कोण, माहीत आहे का?" दालन सांभाळणाऱ्या बाईंनी समोर येऊन विचारलं. "मेलेल्या माणसाबरोबर पुरायचे यांना. परलोकात शेत खणायला त्याला बोलावणं आलं, की त्याच्याऐवजी यांनी म्हणायचं, हा मी आलो. यांना नावच पडलं, ओ देणारे."

"मग आली का हाक?" त्याने विचारलं.

बाई हसल्या. "कोण जाणे! पण हजारो वर्षं तयारीत उभे आहेत खरे."

हे त्याच्या डोक्यात असं बसलं की विचारू नका. शनिवारी संध्याकाळी तो घरी आला, टेबलाशी बसला, आणि थोड्या वेळाने मोठ्याने म्हणाला, "ओ!"

जरा थांबला. पुन्हा "ओ!" हाक आली असेल तर चुकायला नको. न जाणो, आत्ताच मारली असेल. "ओ! आलो, आलो!"

बायको हात पुसत समोर आली. "कोणाला ओ देताय?"

"तुला. तू हाक मारलीस ना?"

"मी?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "हाका मारणं मी कधीच सोडलं. तुमच्या लक्षातही आलं नाही?"

मग मात्र त्याचा बांध फुटला. "अगं, ऐकूच येत नाही मला. तू मारतेस की नाही, मला कळतच नाही. नुसता अंदाजाने ओ देत होतो."

तिच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. मग डोळे भरले, आणि लगेच रागही आला. "शहाणेच आहात! इतकी वर्षं मी समजतेय, मी नकोशी झाले! सोमवारी आधी कानाच्या डॉक्टरकडे. लेकीकडे मग बघू. आणि गेलो तर दोघं जाऊ."

एवढं बोलून ती त्याच्या पाठीमागे गेली. तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. मागे ती काही म्हणाली का, त्याला कळलं नाही. वडिलांची खुर्ची आठवली.

तेवढ्यात खांद्यावर तिचं ओलसर बोट टेकलं. बाहुलीला मारतात तशी हलकी टिचकी, एकदा, मग पुन्हा एकदा.

"ओ," तो म्हणाला.