मीटर म्हणतंय पातळ

शहरातले शर्यतवेडे लोक त्याला नाकशेठ म्हणायचे. नाक दिसायला काही खास नव्हतं, चारचौघांसारखंच होतं. पण त्या नाकावर त्याचं घर चालत होतं. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवून देणं हा त्याचा धंदा. ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबला की इंजिन हवा ढोसायला लागतं, आणि त्या हवेच्या मापात पेट्रोल मिळालं तरच ते खूश. पेट्रोल कमी पडलं की मिक्स्चर पातळ होतं आणि पिस्टन वितळायची भीती. जास्त झालं की घट्ट, मग सगळी ताकद काळ्या धुरात जाते. दुसरे लोक इंजिनातले स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग बघत बसायचे. हा मात्र गाडीच्या धुराड्यामागे उभा राहून दोनदा हुंगायचा आणि म्हणायचा, "घट्ट आहे. थोडं कमी कर." आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं.

मग एकदा तो तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळला. ताप उतरला, खोकला गेला, पण नाकाला वास काही येईना. साबण हुंगला, काही नाही. ऑईलचा डबा उघडून नाक आत घातलं, काही नाही. पेट्रोलमध्ये भिजलेली चिंधी नाकाला लावली, तर नुसता गारवा लागला. आज येईल, उद्या येईल म्हणत तो वाट बघत राहिला, आणि कुणाला बोलला मात्र नाही. बायकोलासुद्धा नाही. धुराड्यात खुपसायचा सेन्सर आणि आकडे दाखवणारं मीटर त्याने विकत आणलं. "काळ बदललाय, आता हवेत बाण मारून चालत नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. लोकांनाही ते पटलं.

त्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरची गाडी आली होती. डॉक्टर आठवडाभर लोकांचे दात उपटायचा आणि सुट्टीच्या दिवशी घाटातल्या शर्यतीत गाडी पळवायचा. शर्यत रविवारी होती. गाडीची चाकं जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरवर चढवली, पुढून-मागून पट्ट्यांनी आवळली, समोर मोठा पंखा लावला. नाकशेठ आत बसला, लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवला आणि ॲक्सिलेटर तळाला नेला.

इंजिनाचा वेग चढत गेला आणि पार वर पोचल्यावर ते अडखळायला लागलं. मीटर म्हणालं, पातळ.

त्याने लॅपटॉपवरून पेट्रोल वाढवलं. पुन्हा ॲक्सिलेटर तळाला. अडखळणं वाढलं. मीटर म्हणालं, आणखी पातळ.

"असं कसं?" तो स्वतःशीच पुटपुटला. भांड्यात पाणी ओतावं आणि भांडं रिकामं होत जावं, तसला प्रकार. त्याने फिल्टर बदलला, पंपाचं प्रेशर तपासलं. सगळं ठणठणीत. पेट्रोल अजून वाढवलं. मीटर आपलं म्हणणं सोडेना. प्लग काढले तर काळेकुट्ट. काळा प्लग म्हणजे घट्ट. मीटर म्हणतंय पातळ. मग त्याला वाटलं, बंद करायच्या आधी गाडी बराच वेळ हळू चालत होती, काजळी तेव्हाची असेल. की नसेल? पूर्वी असा प्रश्नच आला नसता. तो धुराड्यामागे जाऊन उभा राहिला, सवयीने नाक वर केलं. गरम हवा चेहऱ्यावर आली, डोळ्यांतून पाणी आलं. पण डोळे उन्हातही पाणावतात, त्यावरून काय कळणार?

डॉक्टर हाताची घडी घालून बघत होता. "शेठ, एकदा हुंगून सांगा ना. तुमचं ते यंत्र राहू द्या."

"मीटर खोटं बोलत नाही, डॉक्टर," नाकशेठ म्हणाला. आवाज उगाच चढला होता.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. दोन गल्ल्या सोडून तिची लाँड्री होती. दुपारी दुकान जावेवर टाकून ती डबा पोचवायची. दारातच तिने पदर नाकाला लावला.

"अहो, काय हे! पेट्रोलने आंघोळ केलीत की काय? डोळे चुरचुरताहेत माझे."

नाकशेठ तिच्याकडे बघतच राहिला. "पेट्रोलचा वास येतोय तुला? जळलेल्या की कच्च्या?"

"कच्च्या. कपड्याचा डाग काढताना येतो तसा." मग ती जवळ आली आणि डॉक्टरला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तुम्हाला येत नाही ना? मला माहीत आहे. परवा इस्त्रीखाली टॉवेल करपत होता आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

राग आला, लाज वाटली, की हायसं वाटलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. पण डोक्यातलं चाक मात्र फिरायला लागलं. कच्चं पेट्रोल बाहेर येतंय, म्हणजे ते आत पेटतच नाही. पेटलं नाही की त्याच्या वाट्याची हवाही तशीच बाहेर. आणि मीटर बिचारं फक्त उरलेली हवा मोजतं! हवा दिसली की ते म्हणणार पातळ. आणि आपण वेड्यासारखे वरून पेट्रोल ओततोय.

त्याने प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी एकेक कॉईल काढून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईलला केसाएवढी चीर होती. जोर लागला की ठिणगी तिथूनच निसटत होती. नवी कॉईल बसवली, वाढवलेलं पेट्रोल काढून टाकलं आणि पुन्हा ॲक्सिलेटर तळाला नेला. इंजिन एका सुरात शेवटपर्यंत चढलं. बायको दारातच उभी होती. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने हुंगलं आणि पदर खाली सोडला.

"शेठ, वहिनींनी पकडलं की," डॉक्टर हसून म्हणाला.

"हो," नाकशेठ म्हणाला. मग घसा खाकरून त्याने सांगून टाकलं, "मला वासच येत नाही, डॉक्टर. तापापासून." डॉक्टरचं हसू मावळलं. त्याने आपल्या ओळखीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

रविवारी गाडी घाट विनातक्रार चढली. डॉक्टर चौथा आला आणि पहिला आल्यासारखा नाचला.

नाकाच्या डॉक्टरने मात्र ठाम काही सांगितलं नाही. येईल कदाचित, किंवा नाही येणार. कधी नसलेलेही वास येतील, घाबरू नका, म्हणाला. नाकशेठ आणखी बुचकळ्यात पडला. बायको म्हणाली, "गरज पडली तर बोलवा, येईन. पण लाँड्री सोडून रोज तुमचा धूर हुंगत बसणार नाही."

काही दिवसांनी संध्याकाळी घरी तो हातपाय धुऊन बसला होता, आणि एकदम पेट्रोलचा वास आला. अगदी बारीक, झुळकीसारखा. तो दचकून उठला. खिडकी पाहिली, कपडे पाहिले.

"अगं, इथे पेट्रोलचा वास येतोय का?"

ती स्वयंपाकघरातून आली. त्याचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले. जरा थांबली.

"येतोय की. थोडासा. हातांना येतोय."

हात तर त्याने आताच साबण लावून धुतले होते. ती खरं बोलत होती की त्याचं मन राखत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. त्याने विचारलं नाही. ती आत गेल्यावर त्याने हात पुन्हा नाकाशी धरले आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.